दुसरं टोक

१

दुपारी दोरीवरचे कपडे काढायचे, आतल्या खोलीत पलंगावर ढीग टाकायचा आणि भांडी घासायला बसायचं. भांडी झाली की हात पुसून घड्या घालायच्या. लॉन्ड्रीतलं काम सुटल्यापासून माझा हा क्रम कधी चुकलेला नाही. त्या दुपारीही तसंच केलं. हात पुसत आत गेले, तर ढिगाशेजारी आमची डबल बेडची चादर घडी घालून ठेवलेली.

घडी म्हणजे कशीतरी गुंडाळलेली नव्हे. चारही टोकं एकावर एक, कडा सरळ, मधे एक चुणी नाही. माझी पाच वर्षांची लेक पलंगाच्या कडेला बसून पाय हलवत होती. तिला आम्ही बुटकी म्हणतो.

"कोणी घातली गं ही?"

ती बोलली नाही. त्या दिवसांत ती कोणाशीच बोलत नव्हती. उठली, माझ्या पोटाला दोन्ही हात लावले आणि मला ढकलत ढकलत खोलीबाहेर काढलं. मग दार लोटून घेतलं.

घरात आम्ही दोघीच होतो. तिचे बाबा सामानाची गाडी चालवतात, ते संध्याकाळशिवाय येत नाहीत. मी मनाशी म्हटलं, लॉन्ड्रीवालीची पोर आहे, जमलं असेल कसंतरी. पण तेवढी मोठी चादर एकट्या माणसाला, मोठ्या बाईलासुद्धा, अशी घालता येत नाही. मधेच जमिनीला लागते, टोकं पुढेमागे होतात. त्यासाठी समोर दुसरं कोणीतरी लागतं.

रात्री चादर कपाटात ठेवायला घेतली तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. माझ्या हातची घडी नेहमी उजवीकडे उघडते. ही डावीकडे उघडत होती. तशी घडी मी आयुष्यात एकाच माणसाच्या हातची पाहिली होती, आणि ते माणूस आता नव्हतं.

२

ताई माझ्यापेक्षा बरीच मोठी. मला तिनेच वाढवलं म्हटलं तरी चालेल. माझी सातवी झाली, शाळा सुटली आणि ताईने मला लॉन्ड्रीत तिच्या टेबलापुढे नेऊन उभं केलं. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी तिथे यायच्या. आत सारखी वाफ असायची. खिडकीच्या काचा धुरकट व्हायच्या आणि आम्ही त्यांवर बोटाने मुकादमाचं पोट काढायचो. साबणाचा वास, गरम कापडाचा वास, केस कायम कपाळाला चिकटलेले. आता कुठे इस्त्री फिरली आणि तो वास आला की मी वाटेतच थांबते.

मोठ्या चादरींच्या घड्या जोडीने घालायच्या. एकीने इकडची दोन टोकं धरायची, दुसरीने तिकडची. एक झटका दिला की चादरीच्या पोटात हवा भरते आणि फट्‌ असा आवाज होऊन ती ताठ बसते. मग रुंदीला दुमडायची, परत दुमडायची. शेवटी धाकटीने चालत जाऊन आपली टोकं थोरलीच्या हातात द्यायची. थोरली जागची हलत नसे, तो आमच्याकडचा कायदा होता. माझी चालायची वेळ झाली की ताई समोरून चादरीला एक हलका हिसका द्यायची. म्हणजे, चल.

"नकटे, झोपलीस का? चादर आहे ती, पाळणा नाही."

"येतेय ना. तुला कसली घाई?"

"मला कसली? त्या हॉटेलातली माणसं सतरंजीवर बसलीत बिचारी."

पोचले की ती टोकं घ्यायची आणि माझ्या नाकाला नाक लावायची. "आलं गं माझं नकटं." दिवसातून कितीदा तरी. मी लग्नाची झाले, बाळंत होऊन परत कामावर आले, तरी तिचं हे सुटलं नाही. ती डावखुरी होती. तिच्या घड्या उलट्या उघडतात म्हणून मुकादम कुरकुरायचा आणि ती म्हणायची, "मग उलटे झोपा त्यांवर."

टॉवेल, अभ्रे, रुमाल मात्र ज्याचे त्याने एकट्याने घालायचे. छोटा कपडा जोडीने घालायला वेळ कोणाला होता?

बुटकी चालायला लागली तशी आमच्या टेबलाखाली खेळायची. तिला आमचे चेहरे कमी आणि पायच जास्त ओळखीचे होते.

बॉयलर फुटला तेव्हा मी मागच्या अंगणात वाळत घालत होते. ताई टेबलाशी होती, बुटकी खाली. ताईने टबातली ओली चादर ओढून टेबलाखाली तिच्यावर टाकली आणि स्वतः आडवी झाली, असं लोक म्हणाले. बुटकीला बाहेर आणलं तेव्हा अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. मुठींत त्या चादरीची दोन टोकं होती. ती सोडवायला दोन माणसं लागली.

त्यानंतर ती बोलायची थांबली.

३

दवाखान्यात मुलांच्या मनाच्या डॉक्टर मॅडम आहेत. त्यांच्या खोलीत खुर्च्या बुटक्या, कोपऱ्यात खेळण्यांचा खोका आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून जाड पडदा. मॅडम बोलायला फार साध्या. मी कमी शिकलेली म्हणून कधी काही गाळून सांगितलं नाही त्यांनी.

मी सांगितलं, दूध उतू जाऊन फस्स झालं तरी पोरगी पलंगाखाली जाते.

"आवाज आणि धोका यांची तिच्या मनात गाठ बसलीय. ती ओढून सुटत नाही. हळूहळू ढिली करायची."

मी सांगितलं, मला खोलीतून बाहेर काढते. जवळ येऊ देत नाही.

"तिला तुमचा राग आलाय. मावशी गेली आणि तुम्ही राहिलात. पाच वर्षांच्या जिवाला एवढंच कळतं. राग बाहेर येतोय, तर येऊ द्या. तुम्ही रडू नका तिच्यासमोर."

मग मी घड्यांचं सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"मोठी माणसं बोलून दुःख हलकं करतात. मुलांकडे तेवढे शब्द नसतात, म्हणून ती खेळतात. ज्या खेळात मावशी होती तोच खेळ ती पुन्हा पुन्हा खेळतेय. मावशीची घडी उलटी असायची ना? मग तीही उलटी घालणार."

"पण मॅडम, एवढी चादर एकटीला जमत नाही."

"एक विचारते, राग मानू नका. ती घडी तुम्हीच घालत असाल आणि तुम्हाला आठवत नसेल, असं होऊ शकेल? एवढा धक्का बसला की हात आपलं काम करत राहतात आणि मन भलतीकडे असतं. यात वेडेपणा काही नाही."

मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. मी चहात दोनदा साखर घालत होते, भाजी आणायला निघून लॉन्ड्रीच्या बंद फाटकाशी जाऊन उभी राहत होते. दुपारी आतल्या खोलीत पलंगावर बसले की किती वेळ गेला ते कळायचं नाही. मग घडीही मीच घातली असेल.

खात्री करावी म्हणून दुसऱ्या दुपारी शेजारच्या काकूंना बोलावलं आणि स्वयंपाकघरात शेंगा सोलायला बसवलं. म्हटलं, मला इथून उठू देऊ नका.

"का गं? कर्ज मागायचंय की काय?" काकू म्हणाल्या आणि फतकल मारून बसल्या.

मी उठले नाही. काकू गेल्यावर आत पाहिलं, तर चादर घडी होऊन तयार.

त्यानंतरच्या दुपारी दाराच्या फटीला डोळा लावला. फटीतून अर्धीच खोली दिसत होती. बुटकी हात वर करून उभी होती. तिच्या हातात चादरीची दोन टोकं. तिथून चादर सरळ, ताठ, खोलीच्या न दिसणाऱ्या अर्ध्या भागात गेली होती. तिला मधे झोळ नव्हता. मग चादर जराशी हलली, एक हलका हिसका बसला, आणि बुटकी चालायला लागली.

मी दार ढकललं. चादर पलंगावर, घडी केलेली. बुटकी माझ्याकडे बघत उभी. खिडकी लावलेली होती आणि तिच्या काचा आतून धुरकट झाल्या होत्या. गॅसवर पाणी उकळत होतं, त्याची वाफ आली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दोन खोल्या ओलांडून.

४

थोड्याच दिवसांत बुटकीने डबल चादर सोडली. सिंगल चादर घेऊ लागली. मग टॉवेल. मग अभ्रे.

"चांगलंच आहे की," तिचे बाबा जेवताना म्हणाले. "घरातलं एक काम कमी झालं. तुझ्यावर गेलीय. माझ्यावर गेली असती तर गाडी पळवली असती."

"अहो, ती अभ्रा जोडीने घालते."

"म्हणजे?"

"दोनच टोकं धरते. पुढची दोन धरतच नाही. आणि अभ्रा तरी आडवा राहतो."

त्यांनी हातातला घास खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "तू झोपतेस का गं नीट?" ताट तसंच ठेवून ते बुटकीच्या अंथरुणाशी जाऊन बसले. त्यांनाही काहीतरी वाटत होतं, पण दोघांनी घाबरून चालत नाही, एकाने गाडीवर जावं लागतं.

मॅडमना कपडे लहान होत चालल्याचं सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला. "बघा, मोठ्याकडून छोट्याकडे येतेय. आधी ती गोष्ट तिच्या हातात मावत नव्हती, आता मावायला लागली. भीती अशीच आटोक्यात येते. थोडा धीर धरा."

किती पटण्यासारखं होतं ते. मी घरी येताना पहिल्यांदाच रस्त्याने दुकानं बघत आले.

संध्याकाळी यांच्या रुमालाला इस्त्री करत होते. इस्त्री झाली आणि मी रुमालाची दोन टोकं धरून तो समोर आडवा धरला, सहजच, लॉन्ड्रीत एकदा ताईने गंमत म्हणून धरायला लावला होता तसा. समोर कपाटाचा आरसा होता. आरशातली मी माझ्या इतकी जवळ होते की श्वास काचेला लागत होता.

मोठ्या चादरीच्या टोकाला माणूस खोलीभर लांब असतं. टॉवेलाला हातभर. अभ्र्याला त्याहून जवळ. रुमालाला नाकाला नाक.

आणि रुमालानंतर मधे कपडाच उरत नाही. रुमालानंतर हातात हात. हात धरला की माणूस लेकराला चालत कुठेही नेऊ शकतं.

मी इस्त्री बंद केली. घरातले सगळे रुमाल गोळा करायला गेले. खणात एकही नव्हता. बुटकीने ते आधीच आतल्या खोलीत नेऊन ठेवले होते, पलंगावर, एकावर एक.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मी काकूंना म्हटलं, हिला जरा दुकानापर्यंत फिरवून आणता का? बुटकी जायला तयार नव्हती. उंबऱ्यात आडवी पडली. काकूंनी तिला कडेवर घेतलं तेव्हा ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच लहान आहे आणि मला घरात एकटं सोडून चाललेत.

मी आतल्या खोलीत गेले. घरातली सगळ्यांत मोठी चादर काढली. तिची दोन टोकं धरून पलंगाच्या अलीकडे उभी राहिले. बाकीची चादर पलंगावरून पलीकडे लोंबत होती. डोक्यात सारखं येत होतं की कोणी बघितलं तर काय म्हणेल.

"ताई," मी म्हटलं, "ही मोठी आहे गं. मला एकटीला जमत नाही."

बाहेर कोणाच्या तरी नळाचं पाणी बादलीत पडत होतं.

"पोरीला कशाला राबवतेस? तिचे हात केवढे, चादर केवढी. तिला सोड. मी आहे ना."

आधी पलीकडची कड नुसती फुगली. वाऱ्याने फुगते तशी, पण खिडकी बंद होती. मग दोन ठिकाणी चिमूट बसली. कापड तिथे दबलं, गोळा झालं आणि वर आलं. चादर ताठ झाली. माझ्या हातांना ते वजन कळलं. त्या वजनाची माझ्या मनगटांना इतकी वर्षांची ओळख होती की भीतीच्या आधी मला रडू आलं.

झटका बसला. फट्‌.

मी हात मुद्दाम डोक्याच्या वर धरले होते, समोरचं दिसू नये म्हणून. चादर पडद्यासारखी मधे होती. पण खालच्या कडेखाली बघायचं नाही, हे मला सुचलं नाही. पलंगापलीकडे फरशीचा एक पट्टा दिसत होता. तिथे दोन पाय होते. उभं राहून कंटाळा आला की ताई एका पायावर दुसरा पाय ठेवायची, तसे. ओले होते. आणि त्यांच्याभोवती फरशी धुरकट झाली होती.

मी डोळे मिटले. रुंदीला दुमडलं. परत दुमडलं. हलका हिसका आला. मी डोळे मिटूनच पलंगाला वळसा घालून चालत गेले आणि टोकं दिली. घेणारे हात इस्त्रीखालून आत्ताच निघालेल्या कापडासारखे होते, ऊन आणि जरा कडक. माझ्या नाकाच्या शेंड्याला काहीतरी टेकलं आणि बाजूला झालं.

डोळे उघडले तेव्हा चादर पलंगावर होती. घडी डावीकडे उघडत होती.

६

बुटकी त्या रात्री म्हणाली, "बाबा, भूक." यांच्या हातातला पेला खाली पडला.

मग ती बोलतच गेली. शाळेत जायला लागली. दूध उतू गेलं तरी नुसती कान झाकायची. कपड्यांच्या ढिगाकडे बघायचीसुद्धा नाही. मॅडमनी तिने काढलेलं चित्र भिंतीवर लावलं आणि मला म्हणाल्या, "तिने तिची वाट शोधली. आणि तुमचं कसं चाललंय?"

"बरं आहे," मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

दुपारी बुटकी काकूंच्या मुलीबरोबर बाहेर खेळायची आणि मी आत चादर घालायचे. मोठीच घ्यायचे, तेवढं पथ्य ठेवलं होतं. घालता घालता बोलायचे. लॉन्ड्रीच्या जागी आता गोदाम झालंय, मुकादम वाळलाय आणि पोट पार गेलंय, बुटकीचा दात पडला. समोरून उत्तर यायचं नाही. पण मी काही विनोदी बोलले की चादर जराशी थरथरायची, ताई हसू दाबायची तेव्हा थरथरायची तशी. काचा धुरकट व्हायच्या. खोलीत गरम कापडाचा वास भरायचा आणि मी परत चौदा वर्षांची व्हायचे, केस कपाळाला चिकटलेली. दिवसभर मी त्या वेळेची वाट बघायला लागले होते. हे मी मॅडमना सांगितलं नाही. त्यांच्याकडे याचंही काहीतरी पटण्यासारखं कारण निघालं असतं, आणि मला ते नको होतं.

एक दिवस पाऊल आत टाकलं आणि बघितलं, तर हातात टॉवेल होता. मोठ्या चादरी मी त्या आठवड्यात धुतल्याच नव्हत्या. असेल, विसरले असेन, म्हटलं. टॉवेल घातला. टॉवेलाला हात वर करूनही समोरचं पुरतं झाकलं जात नाही. मी मान खाली घातली. केसांतून कोणीतरी ऊन फुंकर घातल्यासारखं झालं आणि मला मुळीच भीती वाटली नाही.

आज अभ्रा होता. दोन टोकं मी धरली, दोन समोरून धरली गेली.

"आई."

बुटकी दारात उभी होती. गुडघ्याला माती, दम लागलेला.

"आई, ते मला दे."

"तू बाहेर खेळ जा. मी आलेच."

"तुला किती वेळा बाहेर काढायचं गं?" ती म्हणाली. थकलेल्या बायका बोलतात तशी. "मी इतक्यांदा ढकलत होते तुला."

अभ्रा मधे ताठ होता.

"मावशी तुझ्यासाठी येत होती," बुटकी म्हणाली. "तू पलंगावर बसायचीस ना, तशीच, खूप वेळ. तेव्हा ती तुझ्यासमोर उभी राहायची. चादर धरून. तू घेशील म्हणून. मग मी घेतली. मी तिला मनातल्या मनात सांगितलं, मी घालते तुझ्याबरोबर, आईला बोलवू नको."

"बुटके—"

"बोलताना ते मनात म्हणायचं विसरायला होतं, म्हणून मी कोणाशी बोलत नव्हते. आणि तू मला काकूंकडे पाठवलंस."

राग नव्हता. खेळ नव्हता. एवढीशी पोर घरात माझी राखण करत होती, आणि आम्ही सगळी मोठी माणसं तिला बरं करत होतो.

ती आत आली. माझ्या हातून टोकं घ्यायला लागली. मी सोडली नाहीत. तीही मागे सरली नाही. तिने आपली बोटं माझ्या बोटांशेजारी खुपसली आणि कापड मुठीत धरलं. तिचे हात गार होते, मातीने खरखरीत.

समोर मी बघितलं नाही. बुटकी बघत होती. मान वर करून, डोळ्याला डोळा लावून, मावशीकडे हट्ट करताना बघायची तशी.

समोरून हलका हिसका आला.

आम्ही दोघींनी पाय रोवले.